खटपटीचा इतिहास : पुण्याच्या वाड्यांत स्कूटर का उघडली जात असे?

पुण्यातील जुन्या घरांच्या माळ्यावर एक पत्र्याचा डबा असे. मूळचा बिस्किटांचा, नाहीतर गोडेतेलाचा. आत प्लगचा पाना, क्लचच्या केबलीची आतली तार, काळवंडलेले दोनतीन स्पार्क प्लग, कॉन्टॅक्ट पॉइंटची एक जोडी, निरनिराळ्या मापांचे वायसर, पॉलिश पेपरची झिजलेली घडी आणि कोणत्या यंत्राची हे आता कुणालाच सांगता येणार नाही अशी एखादी स्प्रिंग. इतिहासाच्या अभ्यासकाने नाणी ओळखावीत, शिलालेखांचे ठसे घ्यावेत, मोडी कागद लावावेत, हे आपण नेहमीच म्हणतो. हा डबाही तितकाच वाचनीय आहे. आजच्या धाग्यात तो वाचू.

जुनी गाडी घरी उघडून दुरुस्त करणे ही आज हौस समजली जाते. रविवारची सकाळ, हाताला ग्रीस, शेजारी चहाचा कप. पण पुण्यात ही हौस हौसेपोटी जन्मली नाही. तिचा जन्म टंचाईत झाला, आणि ती टंचाई दुष्काळासारखी आभाळातून कोसळलेली नव्हती. धोरणाने ठरवलेली होती. गंमत अशी, की ज्या धोरणाने लोकांना स्कूटरसाठी वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवले, त्यानेच ती स्कूटर घरच्या घरी दुरुस्त करण्याजोगीही ठेवली. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय डब्याचा अर्थ लागत नाही.

सुरुवात पुण्याऐवजी इटलीतून करावी लागेल.

दुसऱ्या महायुद्धात पियाजिओ ही कंपनी विमाने बनवीत असे. पोंतेदेरा येथील तिचा कारखाना बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपले तेव्हा देशाला विमाने नको होती. खड्ड्यांच्या रस्त्यांवरून कामाला जाण्यासाठी स्वस्त वाहन हवे होते. ते काम कोर्राडिनो दास्कानियो या अभियंत्याकडे आले. हा मनुष्य विमाने आणि हेलिकॉप्टर यांत रमणारा. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. साखळीचे तेल कपड्यांना लागते, चाक पंक्चर झाले की काढणे जिकिरीचे, इंजीन पायांशी तापते, अशा त्याच्या तक्रारी होत्या. एप्रिल १९४६ मध्ये पेटंटसाठी दाखल झालेली वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी, ही त्या तक्रारींना दिलेली उत्तरे आहेत. साखळी काढून टाकली. गिअरबॉक्सची शक्ती थेट मागच्या चाकाला. इंजीन पत्र्याच्या पोटाखाली झाकले. आणि पुढचे चाक दोन्ही बाजूंनी कैचीत न धरता विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले, म्हणजे नट सोडवले की चाक हातात.

रिमही दोन अर्धुकांची, बोल्टने जोडलेली. बोल्ट सोडवले की टायर उपटण्यासाठी पट्ट्यांची झटापट करावी लागत नाही, ट्यूब अलगद बाहेर येते. स्टेपनी सोबतच. युद्धाने होरपळलेल्या देशात गॅरेज कुठे आणि किती, याची शाश्वती नसताना आखलेले हे यंत्र होते. ते पुढे ज्या देशात आले तिथेही ती शाश्वती नव्हती. पुणेकराने चेतकचे चाक पाच मिनिटांत बदलून दाखवले, तर त्या हातचलाखीत निम्मा वाटा दास्कानियोचा मानायला हवा.

बजाज समूहाच्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनची स्थापना १९४५ ची. १९४८ पासून ती परदेशी दुचाकी-तीनचाकी आणून विकू लागली. १९५९ मध्ये भारत सरकारकडून उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पियाजिओच्या सहकार्याने वेस्पा १५० भारतात तयार होऊ लागली. पुढे आकुर्डीला कारखाना उभा राहिला. १९७१ मध्ये पियाजिओशी असलेला करार संपला आणि १९७२ मध्ये तेच यंत्र, थोड्या फरकाने, ‘चेतक’ या नावाने बाजारात आले. मराठ्यांच्या इतिहासावर पोसलेल्या शहराशेजारी तयार होणाऱ्या स्कूटरला महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव! शिवकालीन घोड्याचे नाव कुणाला का सुचले नाही, हा प्रश्न पुण्यात नक्कीच चघळला गेला असणार.

आता टंचाई. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने कोणत्या कारखान्याने काय आणि किती बनवायचे हे परवान्याने ठरू लागले. त्यानंतरच्या वर्षांत सरकारने असे धोरण घेतले की परदेशातून सुटे भाग आणून केवळ जुळणी करणाऱ्यांनी इथे निर्मितीचा कार्यक्रम तरी द्यावा, नाहीतर गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४ पर्यंत गाशा गुंडाळला. एका फटक्यात देशातील शेव्हरोले आणि फोर्ड गाड्या पोरक्या झाल्या. गाडी दारात, पण तिचा कारखाना देशात नाही आणि सुट्या भागांच्या आयातीवर बंधने. क्युबात १९५९ च्या क्रांतीनंतर आणि अमेरिकी निर्बंधांनंतर हवानाच्या लोकांनी अमेरिकी गाड्या कशा जगवल्या, याची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपल्याकडे तोच प्रकार काही वर्षे आधी, आणि बराच कमी छायाचित्रांकित, झाला.

स्कूटरच्या बाबतीत तर १९६० साली वितरण व विक्री नियंत्रणाचा स्वतंत्र आदेशच निघाला. नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. बजाजने आपले एक लाखावे वाहन १९७० मध्ये बाहेर काढले. म्हणजे दहा वर्षांत, रिक्षा धरून, एक लाख. एका आर्थिक वर्षात एक लाख वाहने विकण्यासाठी १९७७ उजाडावे लागले. देशाची लोकसंख्या लक्षात घेतली, की रांग किती लांब असेल हे वेगळे सांगायला नको. चेतकसाठी दहा दहा वर्षे थांबलेली कुटुंबे होती. परदेशातील नातलगाने परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे. आणि वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग विकली जाई, कारण ती ‘आत्ता’ मिळत असे. अर्थशास्त्राच्या वर्गात हा मुद्दा समजायला एक तास लागतो. त्या काळच्या मध्यमवर्गीय माणसाला तो अनुभवाने पाठ होता.

अशा वस्तूकडे माणूस कसा पाहील? घरातल्या तांब्याच्या हंड्याकडे पाहतो तसा. पोचा आला तर ठोकून घ्यायचा, कल्हई उडाली तर पुन्हा करायची, पण टाकायचा नाही.

येथे एक शंका रास्त आहे. मेकॅनिकची मजुरी तेव्हा फार नसे. मग घरी खटपट कशासाठी? पैसे वाचवणे हे एकमेव कारण मानले तर हिशेब जुळत नाही. मला तीन कारणे अधिक वजनदार वाटतात. पहिले भीतीचे. सुटा भागही दुर्मीळ, त्यामुळे गॅरेजवाला आपल्या गाडीतला चांगला भाग काढून झिजलेला बसवील ही धास्ती घरोघर होती. ती किती खरी हा वेगळा प्रश्न. दुसरे सायकलचे. स्कूटरींचे शहर होण्यापूर्वी पुणे सायकलींचे शहर होते. पंक्चर काढणे, ब्रेक आवळणे, चेन बसवणे हे ज्याने शाळकरी वयात केले, त्याला स्कूटरचा पत्रा उघडण्याचे भय वाटत नाही.

तिसरे कारण कारखान्यांचे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर यंत्रांचा नवा प्रदेश उभा राहिला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तरुण मुले फिटर, टर्नर, मशिनिस्ट म्हणून घडू लागली. दिवसा कारखान्यात सूक्ष्म मापे घेणारा मनुष्य संध्याकाळी वाड्यात परत येई. त्या वाड्यात मधोमध चौक, चौकात नळ, आणि चौकाभोवती सल्ला देण्यास सदैव सिद्ध असलेले बिऱ्हाडकरू. घरगुती कार्यशाळेसाठी याहून सोयीची वास्तू कुणी मुद्दाम बांधली नसती. एकाने पाना धरायचा, मुलाने किंवा मुलीने बॅटरी धरायची, आणि उरलेल्यांनी ‘आमच्या गाडीला असं नव्हतं होत बुवा’ म्हणायचे.

आता प्रत्यक्ष काम काय चाले ते पाहू, कारण इतिहासात ‘दुरुस्ती करीत’ एवढेच लिहून चालत नाही.

चेतकचे इंजीन टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर, सुमारे १४५ सीसीचे. त्याला वॉल्व्ह नाहीत. हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. वंगणासाठी तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. हे तेल पेट्रोलबरोबर जळते, आणि पूर्ण जळत नाही. त्याचा काळा, कडक थर पिस्टनच्या माथ्यावर, हेडच्या आत, धूर बाहेर पडण्याच्या वाटेत आणि सायलेन्सरमध्ये साचतो. वाट अरुंद झाली की गाडी दमते, चढाला मान टाकते. मग कार्बन काढण्याचा दिवस ठरे.

पोटाचा पत्रा काढायचा, हवा खेळवणारे आवरण काढायचे, हेडचे चार नट सोडवायचे. पिस्टन वरच्या टोकाला आणून माथ्यावरचा थर खरवडायचा. पण लोखंडी टोकाने नाही, कारण पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि त्यावर ओरखडा उठला की पुढचा थर तिथेच आधी धरतो. लाकडी चपटी किंवा पितळी पट्टी वापरायची. रिंगांच्या खाचेत घाण ढकलायची नाही. सायलेन्सर वेगळा काढून जाळात तापवायचा किंवा कॉस्टिक सोड्याने धुवायचा. त्यातून निघणारा काळा गाळ पाहून वाड्यातल्या बायका काय म्हणत असतील याची कल्पना करावी. हेड परत बसवताना चारही नट कोपऱ्याला कोपरा असे, थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू आधी आवळली तर हेड वाकडे बसते आणि तिथून हवा फुटते.

दुसरे नेहमीचे काम पॉइंटचे. प्लगमध्ये ठिणगी कोणत्या क्षणी पडायची हे दोन छोटे धातूचे ठिपके ठरवीत. ते फ्लायव्हीलच्या मागे, फ्लायव्हीलमधील खिडकीतून दिसणारे. दोहोंतील फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी हवी. मोजायला गेज असे. नसले तर व्हिजिटिंग कार्डाचा पुठ्ठा सरकवून पाहायचा. पॉलिश पेपरने ठिपके घासायचे, फट लावायची, स्क्रू आवळायचा, आणि आवळताना फट पुन्हा बदलली म्हणून पहिल्यापासून सुरू करायचे. डब्यातील तो झिजलेला पॉलिश पेपर या कामाचा. आणि सकाळी गाडी तिरकी करून मग किक मारण्याचा जो विधी सर्व भारताला ठाऊक आहे, तो पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत नीट पोहोचावे म्हणून. लोकांनी त्यावर जितके विनोद केले, तितके ते अर्थशून्य नव्हते.

सुटे भाग कुठून येत? नव्यासाठी नाना पेठ, जिथे आजही दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून आहेत. जुन्यासाठी मंगळवार पेठेतील जुना बाजार, दर बुधवारी आणि रविवारी भरणारा. जमिनीवर अंथरलेल्या तरटावर कार्ब्युरेटर, मीटर, हेडलाइटच्या रिंगा, कुलपाविना किल्ल्या आणि किल्लीविना कुलपे. तिथे खरेदी करणे ही स्वतंत्र विद्या आहे: झिजलेल्या आणि नुसत्या मळलेल्या भागातला फरक बोटाने कळावा लागतो. संग्रहालयातील क्युरेटर जे हातमोजे घालून करतो, ते जुन्या बाजारातला गिऱ्हाईक उन्हात उकिडवा बसून करतो.

चारचाकीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती थोड्याच घरांत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला फियाट तयार करी. १९६० च्या दशकात आलेला फियाट ११०० चा साचा पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने, १०८९ सीसीच्या त्याच इंजिनासह, थेट शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. टीकाकार म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात, की स्पर्धाच नसल्यामुळे कुणी गाडी सुधारण्याची तसदी घेतली नाही. पण याची दुसरी बाजू फारशी कुणी मांडत नाही. साचा बदलत नाही म्हणजे भाग बदलत नाही. वडिलांच्या गाडीवर शिकलेला मुलगा आपल्या गाडीवर तेच काम डोळे मिटून करतो. दर तीन वर्षांनी नवे मॉडेल येणाऱ्या देशात असे घरगुती ज्ञान पिढीकडून पिढीकडे जाण्यापूर्वीच बाद होते. परवाना-राज्याने आपल्याला सुमार गाड्या दिल्या. त्या समजून घेण्यासाठी तीस वर्षांची मुदतही दिली.

मग ही घडी विस्कटली कशी? हळूहळू. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली: गिअर नाहीत, बटण दाबले की सुरू. बजाजचे वाळूजचे उत्पादन १९८५ मध्ये सुरू झाले, आणि १९८६ मध्ये कंपनीने एका आर्थिक वर्षात पाच लाख वाहनांचा टप्पा गाठला. १९८९ ची ‘हमारा बजाज’ ही जाहिरात आठवून आज लोक गहिवरतात. पण ती आली तेव्हा रांगेचा काळ सरत चालला होता. ज्या वस्तूसाठी लोक दहा वर्षे थांबत, तिला जाहिरातीची गरज कधी पडते, याचा विचार करावा. १९९१ नंतर तर निवड ग्राहकाच्या हाती आली. प्रदूषणाचे निकष कडक झाले, टू-स्ट्रोक मागे पडले. २००६ च्या सुमारास चेतकचे उत्पादन थांबले. २०२० मध्ये चेतक हे नाव परतले ते विजेच्या स्कूटरवर, जिच्यात कार्बनही नाही आणि पॉइंटही नाहीत.

नेमक्या याच काळात गरजेचा छंद झाला. १९७५ मध्ये स्कूटर उघडणाऱ्याकडे पर्याय नव्हता. १९९५ मध्ये उघडणाऱ्याकडे तो होता, आणि तरीही तो रविवारी उकिडवा बसत होता. हा बदल कुठल्याही दप्तरात नोंदलेला नाही. काम तेच, हत्यारे तीच. बदलले ते फक्त कारण. इतिहासात असे बदल पकडणे सर्वांत अवघड, कारण वस्तू जशीच्या तशी राहते.

आज या छंदापुढे कायद्याचा एक रोचक पेच आहे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी करून पाच पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क दुचाकीसाठी ३०० वरून १,००० रुपये आणि मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाले. दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, खासगी वापरातली दुचाकी किंवा चारचाकी. तिच्यासाठी ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

आणि मुख्य अट: सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजीन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा.

आता वाड्यातल्या चेतककडे या अटीतून पाहा. १९७२ ची पहिली चेतक ५० वर्षांची झाली आहे; १९८५ च्या चेतकला २०३५ पर्यंत थांबायचे आहे. तोवर ती नुसतीच ‘जुनी’. शिवाय ज्यांनी तिला जगवले त्यांनी तिला अस्पर्श ठेवले नाही. एका पोटाचा पत्रा दुसऱ्याच गाडीचा, सिलिंडर दोनदा बोअर केलेला, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेले. कागदावर हा ‘बदल’ आहे. माझ्या मते हाच तिचा इतिहास आहे. वाड्याच्या जीर्णोद्धारात पेशवेकालीन खांबाशेजारी इंग्रजी अमदानीतली खिडकी सापडली तर आपण ती उपटून फेकत नाही. दोन्हींची नोंद करतो. झिलई करून कारखान्यातून आल्यासारखी केलेली स्कूटर प्रदर्शनात शोभते खरी, पण तिच्या मालकांनी चाळीस वर्षांत काय काय केले हे त्या रंगाखाली कायमचे बुजलेले असते. मूळ रूप आणि दुरुस्तीचे थर यांपैकी काय जपायचे, हा वाद वास्तुसंवर्धकांनी बराच घातला आहे. स्कूटरवाल्यांनी तो आता घालायला हवा, कारण तो डबा भंगारात वजनावर जातो आहे आणि त्यातले भाग ओळखणारे हात थकत चालले आहेत.

तुमच्या घरी, आजोळी, सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी असेल, तर आधी ती वाचा. पुढच्या बाजूला वेस्पाचे नाव असेल तर ती बहुधा १९७१ पूर्वीची. क्रमांक ‘एमएच १२’ असा असेल तर नोंदणी १९८९ नंतरची. एम ने सुरू होणारी तीन अक्षरे आणि पुढे आकडे असतील तर त्याआधीची. चासी क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहा. घासण्यापूर्वी छायाचित्रे काढा, आणि कोणता भाग कधी, कुठून आणला हे घरातल्या मोठ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवा.

मग प्लग काढा. टाकीतले जुने पेट्रोल उघड्या हवेत, विस्तवापासून दूर, बाहेर काढा. ते एव्हाना डिंकासारखे झाले असेल आणि तळाशी गंज असेल. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये तेलाचे थोडे थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील हाताने, हळूहळू फिरवून पाहा. फिरले तर पिस्टन मोकळा आहे. अडले तर पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. किक मात्र इतक्यात मारू नका.